तारकासमूह की तारकागुच्छ?

प्रश्न : 'तरुण आकाशगंगांमध्ये तारे एकत्र येऊन तारकासमूह तयार होतात' हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्यात दोन नामे बदलायला हवीत. क्रियाही बदलायला हवी, आणि तीच चूक मोठी आहे.

नामांचे लवकर उरकते. अब्जावधी तारे आणि वायू यांचा गुरुत्वाने बांधलेला पसारा म्हणजे 'दीर्घिका', आणि 'आकाशगंगा' हे आपण राहतो त्या दीर्घिकेचे नाव. इतरांना 'दीर्घिका'च म्हणावे. 'तारकासमूह' म्हणजे मृग, सिंह, वृश्चिक : पृथ्वीवरून शेजारी भासणाऱ्या ताऱ्यांची आकृती. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षे दूर असू शकतात. एकाच मेघातून जन्मलेले, परस्परांच्या गुरुत्वाने बांधलेले तारे म्हणजे 'तारकागुच्छ'. वृषभ हा समूह, त्यात दिसणाऱ्या कृत्तिका हा गुच्छ.

आता 'एकत्र येऊन'. आधी सुटे असलेले तारे मागाहून जमले, असा याचा अर्थ होतो. घडते वेगळेच. थंड, दाट वायूचा मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो, त्याचे तुकडे पडतात आणि तारे जन्मतःच जवळजवळ असतात. खरी अडचण पुढे येते. त्यांतले सर्वांत भारी तारे अतिनील प्रारण आणि वारे (ताऱ्यांतून बाहेर पडणारे कणांचे झोत) यांनी उरलेला वायू हुसकू लागतात; ३०-४० लाख वर्षांत पहिले अतिनवतारे, म्हणजे आयुष्य संपलेले भारी तारे, फुटू लागतात. आपल्या आकाशगंगेतल्या मेघांत सहसा काही टक्केच वायूचे तारे झालेले असतात. निम्म्याहून अधिक वस्तुमान अचानक निघून गेले, तर ताऱ्यांचा वेग तोच राहतो, पण धरून ठेवणारे गुरुत्व अपुरे पडते आणि बहुतेक तारे पांगतात. म्हणून 'गुच्छ जन्मला' आणि 'गुच्छ टिकला' ही दोन वेगळी विधाने आहेत. लिहिताना ती मिसळू नयेत.

तरुण दीर्घिकांत वायू भरपूर असतो आणि दाबही जास्त. मेघ इतके दाट होतात की काही लाख वर्षांतच कोसळतात. वायू हुसकला जाण्याआधीच त्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचे तारे होऊन जातात, त्यामुळे गुच्छ बांधलेला राहतो. जेम्स वेब दुर्बिणीने 'कॉस्मिक जेम्स' या दीर्घिकेत असे पाच गुच्छ दाखवले. २०२४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विश्वाची सुरुवात झाली त्या महास्फोटानंतर सुमारे ४६ कोटी वर्षांनी ती दीर्घिका जशी होती, तशी आपल्याला दिसते. प्रत्येक गुच्छाची त्रिज्या जेमतेम तीन-चार प्रकाशवर्षे, वस्तुमान मात्र दहा लाख सूर्यांच्या घरात! वाटेतल्या दीर्घिकांच्या गुरुत्वाने भिंगासारखे काम केले नसते, तर हे पाच ठिपके सुटे दिसलेच नसते.

तेव्हा वाक्य असे करावे : 'तरुण दीर्घिकांमध्ये दाट वायुमेघ कोसळून तारकागुच्छ जन्मतात.'

या पाचांना 'गोलाकार तारकागुच्छ' मात्र म्हणू नये. ते नाव शौरी या तारकासमूहात दिसणाऱ्या एम१३ सारख्या, हजार कोटींहून अधिक वर्षे टिकलेल्या गुच्छांसाठी राखलेले बरे. दीर्घिकेच्या भरती-ओढीने (गुच्छाच्या जवळच्या बाजूला जास्त, दूरच्या बाजूला कमी बसणाऱ्या गुरुत्वाच्या ओढीने) यांतले काही पुढे विस्कटलेही असतील. 'तरुण, भारी तारकागुच्छ' एवढे म्हणणे पुरेसे आणि अचूक आहे.