रोहित पाहण्याआधी तिवर पाहा

ऐरोलीला ठाणे खाडीकाठचे कांदळवन पाहायला जाणार असाल, तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून घ्या. चिखल उघडा पडल्याशिवाय तिथले जीवन नीट दिसत नाही. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची ओढ स्वाभाविक आहे, पण सुरुवात तिवर या कांदळवनातल्या झाडापासून करावी, असे मला मनापासून वाटते. क्षार बाहेर टाकणारी त्याची पाने निरखा आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळेही पाहा, कारण प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या गाळात झाडाची मुळे त्यांच्याच आधारे श्वास घेतात. त्यांच्यामध्ये उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले नर खेकडे दिसतील. २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळालेल्या या खाडीत छोटे रोहित (लेसर फ्लेमिंगो ही जात) मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतात, म्हणून ते चरत असताना दुर्बिणीतूनच पाहा; जवळ जाऊन त्यांना उडवू नका.