पुढच्या शॉकअपचं ऑइल घरी बदलता येईल का? उन्हाळ्यासाठी त्यात इंजिन ऑइल टाकावं का?

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की १०० सीसीची गाडी रोज पांदणीने वावरात जाते, ब्रेक मारला की पुढून एकदम खाली बसते, आणि मेकॅनिक म्हणतो, "आपल्याकडच्या उन्हात शॉकअपचं ऑइल पातळ होतं, सरळ २०डब्ल्यू४० भरून टाकू." असं भरून देणारे विदर्भात खूप भेटतील. गाडी लगेच कडक वाटते, त्यामुळे काम झालं असं गिऱ्हाइकालाही वाटतं. पण बिघाड तसाच राहतो.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइलचं काम त्या स्प्रिंगची हालचाल आवरण्याचं. चाक वर-खाली झालं की आतल्या नळीच्या बारीक भोकांतून ऑइल ढकललं जातं, आणि चाक जितक्या जोरात वर येईल तितका तिथला अडथळा झपाट्याने वाढतो. आता पांदण डोळ्यांपुढे आणा: बंडीच्या चाकोऱ्या, वाळून दगड झालेली काळ्या मातीची ढेकळं, एकामागून एक दणके. घट्ट ऑइल त्या भोकांतून वेळेत जात नाही, म्हणून दणका सरळ मनगटात आणि खांद्यात येतो. शिवाय स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत पुढचा दणका बसतो आणि शॉकअप अर्धा दबलेलाच राहतो. ४० अंश तापमानाला मोजलं तर २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल साध्या १०डब्ल्यू फोर्क ऑइलपेक्षा, म्हणजे शॉकअपसाठीच्या खास ऑइलपेक्षा, कितीतरी घट्ट भरतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ऑइल थोडं पातळ होतं, हे खरंच आहे. पण तीच गाडी जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांत ओलिताला न्यावी लागते. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच ग्रेड घ्या आणि डब्यावर 'फोर्क ऑइल' लिहिलेलं पाहूनच घ्या.

ब्रेकला पुढून बसण्याची कारणं बहुतेक दोनच. ऑइल गळून कमी झालंय, नाहीतर स्प्रिंग बसलीय, म्हणजे दबून दबून आखूड झालीय. स्प्रिंग बाहेर काढली की तिची मोकळी लांबी मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. कमी भरली तर जोडीने बदला. बसलेली स्प्रिंग कोणत्याही ऑइलने उभी राहत नाही.

आता काम. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली मजबूत लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. शॉकअप गाडीवर असतानाच, वरच्या टीचा (हँडलखालची, दोन्ही शॉकअप पकडणारी पट्टी) बोल्ट ढिला करून, शॉकअपचं टोपण जरासं सैल करून ठेवा. सुटा शॉकअप हातात धरून ते फिरवायला गेलात तर जीव मेटाकुटीला येतो. मग ब्रेक, चाक, मडगार्ड आणि शेवटी दोन्ही शॉकअप काढा. टोपण पूर्ण काढताना तळहाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंगची कोणती बाजू वर होती ते फोटो काढून ठेवा.

जुनं ऑइल ओतलं की नीट बघा. काळं आणि वास मारणारं असेल तर नुसतं जुनं झालंय. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढणाऱ्यांकडे हे दिसतं. चकाकणारे कण दिसले तर आतले भाग झिजताहेत. शॉकअप उलटा धरून सावकाश दाबत-उघडत राहा, थेंब संपेपर्यंत. धुवायला पेट्रोल-डिझेल नको, रबरी सील फुगतात; थोडं नवं ऑइल घालून खळबळून ओतून टाका.

सगळ्यात जास्त लक्ष मापाकडे द्या. अशा गाड्यांत एका शॉकअपला साधारण दीडशे-दोनशे मिलीच्या आसपास लागतं, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकातूनच घ्या. काही पुस्तकांत दोन आकडे असतात, नुसतं ऑइल बदलताना वेगळा आणि पूर्ण खोलून जोडताना वेगळा. मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. भरल्यावर स्प्रिंग न घालता सावकाश आठ-दहा वेळा दाबून हवा काढा, थोडा वेळ थांबा. मग शॉकअप पूर्ण दाबून नळीच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंत पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलंच पाहिजे. ऑइलच्या वर उरलेली हवा स्वतः एक स्प्रिंग असते: ऑइल जास्त झालं तर हवेला जागा उरत नाही, शॉकअप आखडतो आणि दाबाने सील सुटतो, कमी झालं तर पुन्हा तेच खाली बसणं.

आधीपासून गळत असेल तर लगेच सील बदलायला धावू नका. डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारं वरचं रबर, वर उचला, जुन्या एक्स-रेची पातळ पट्टी कापून ऑइल सीलच्या ओठाखाली गोल फिरवा. कित्येकदा आत अडकलेली माती निघते आणि गळती थांबते. पण पाइपच्या क्रोमला गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही टिकत नाही. युरियाच्या गोण्या गाडीवर नेत असाल तर त्या दिवशी पाइप ओल्या फडक्याने पुसून कोरडा करत जा, सांडलेल्या खताने पाइप गंजतो.

जोडताना एक गोष्ट जिवाची आहे. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटची खाच शॉकअपवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. नाही बसली तर ब्रेक मारताच प्लेट फिरून चाक जाम होतं. डिस्क असेल तर निघण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, आणि पॅडवर ऑइल सांडलं असेल तर पॅड नवेच घाला. एक्सल पूर्ण आवळण्याआधी पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून दोन्ही शॉकअप सरळ बसू द्या.

उलट्या बनावटीचे, म्हणजे जाड नळी वर असलेले शॉकअप असतील तर मात्र घरी खोलू नका, त्यांना वेगळी हत्यारं लागतात. आणि निघालेलं ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.