प्रवासातले सोबती आणि त्यांची कागदपत्रे

प्रश्न : वडिलांना (वय 76) घेऊन आम्ही महिनाभरासाठी परदेशी जात आहोत. रक्तदाब, मधुमेह, झोप आणि गुडघेदुखी यांच्या मिळून रोज नऊ गोळ्या आणि इन्सुलिन असा त्यांचा पसारा आहे. सगळ्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरून ती मोठ्या बॅगेत ठेवली तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : डबी जरूर न्यावी, पण रिकामी. घरी तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, हे मान्य. मात्र तपासणीच्या टेबलावर तिचा एखादा खण उघडला की समोर येतात त्या चार पांढऱ्या गोळ्या, ज्यांच्यावर ना नाव असते ना मात्रा. त्या कशाच्या आहेत हे आपण कितीही पोटतिडकीने सांगितले तरी अधिकाऱ्याला ते पडताळता येत नाही. म्हणून गोळ्या मूळ पट्टीतच, नाव छापलेला भाग न कापता न्याव्यात आणि डबी मुक्कामी पोचल्यावर भरावी.

सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र असावे. त्यात कंपनीने दिलेल्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि आजार लिहून घ्यावा, कारण कंपनीचे नाव सीमेपलीकडे कोणाला कळेलच असे नाही. मूळ नावेदेखील कधी कधी बदलतात : आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते अमेरिकेत असिटॅमिनोफेन असते, आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते.

आपल्या यादीत मला खटकल्या त्या झोपेच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. वेदनाशामक गोळी ट्रॅमाडॉलची असेल, तर संयुक्त अरब अमिराती आणि इजिप्त येथे ते नियंत्रित औषध आहे. झोपेच्या अनेक गोळ्यांवरही निरनिराळ्या देशांत असेच निर्बंध आहेत. जपानमध्ये तर 10 टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रीन असलेले साधे सर्दीचे औषधही नेता येत नाही, आणि अँफेटामीन असलेली औषधे डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही आत जात नाहीत. ‘डॉक्टरांनीच दिले आहे’ एवढे सांगून तेथे भागत नाही. जिथे उतरायचे तिथला कायदा लागू होतो. म्हणून यादी हातात घेऊन त्या देशाच्या दूतावासाचे किंवा आरोग्य खात्याचे नियम तपासावेत, आणि विमान बदलायला मध्ये जिथे थांबणार असाल तिथलेही पाहून ठेवावेत.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत अजिबात ठेवू नये. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरण्याजोगे राहत नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आल्यावर हातातल्या सामानातील द्रवांवर 100 मिलिलिटरची मर्यादा आली, पण गरजेच्या औषधांना तीतून सवलत असते. मात्र ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवावी लागतात. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो आणि पश्चिमेकडे जाताना लांबतो, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

प्रश्न : नोकरीनिमित्त दोन महिन्यांनी युरोपात जायचे आहे. सात वर्षांच्या कुत्रीला रेबीजची लस दरवर्षी टोचतो. तेवढे पुरे ना? – एक वाचिका

उत्तर : पुरे नाही, आणि बहुधा आपले दोन महिनेही पुरणार नाहीत. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी कातडीखाली मायक्रोचिप बसवायची आणि मग लस द्यायची. चिप नसताना दिलेली लस युरोपीय संघाच्या नियमांत धरली जात नाही, मग ती सात वर्षे नेमाने दिलेली का असेना. रेबीजबाबत संघाच्या सूचीत नसलेल्या देशातून जाणार असाल, तर लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी होते. प्रमाण दर मिलिलिटरला निदान 0.5 आंतरराष्ट्रीय एकके भरावे लागते, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबावे लागते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी चार महिने. जपानला जायचे असते तर ही थांबण्याची मुदत 180 दिवसांची झाली असती.

तेव्हा आपण पुढे जावे आणि कुत्रीने मागाहून यावे, हेच मला शहाणपणाचे वाटते. मधल्या काळात प्रवासाचा पिंजरा घरात आणून त्यात तिचे रोजचे अंथरूण घालावे. आत तिला ताठ उभे राहता आणि वळता आले पाहिजे. झोपेचे औषध देऊन तिला विमानात चढवण्याचा विचार सोडावा, उंचीवर ते जिवावर बेतू शकते.

प्रश्न : दहा वर्षांच्या भाचीला मी एकटी परदेशी नेणार आहे. आमची आडनावे वेगळी आहेत. अडचण येईल का? – एक मावशी

उत्तर : येऊ शकते. आई आणि वडील दोघांच्या सहीचे नोटरी केलेले संमतिपत्र न्यावे. त्यात प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि दोघांचे फोन क्रमांक असावेत. जगभर एकच नियम नाही, काही ठिकाणी कोणी विचारतही नाही, पण विचारले तर फोनवरून आईशी बोलणे करून देऊन काम होईल असे समजू नये. भाचीच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत असू द्यावी. अनेकांच्या ध्यानात न येणारी ओळ म्हणजे, गरज पडल्यास उपचारांना संमती देण्याचा अधिकार मावशीला आहे, ही. ती त्याच पत्रात घालून घ्यावी.

प्रश्न : मागच्या प्रवासात माझी बॅग चाक तुटून आली. घरी आल्यावर तक्रार केली तर विमान कंपनीने उशीर झाला म्हणून हात झटकले. – एक वाचक

उत्तर : 1999 च्या माँट्रियल करारानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, बॅग उशिरा मिळाली असेल तर मुदत 21 दिवसांची. आपण किती दिवसांनी लिहिले ते पत्रात नाही. सात दिवसांच्या आत लिहिले असेल, तर कंपनीला हात झटकता येत नाहीत, तिला पुन्हा लिहावे. भरपाईची कमाल मर्यादा 2024 च्या 28 डिसेंबरपासून 1,519 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांत, ठरली आहे. पुढच्या वेळी सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलताच तिची चाके आणि कोपरे पाहावेत, तुटके दिसले तर तिथेच फोटो काढावा आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी सामानाच्या खिडकीवर नोंद करून तिची प्रत घ्यावी.