शस्त्रादिहत

प्रिय सई,

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. ‘बाबा, कॅलेंडरवर शुक्रवारी शस्त्रादिहत असं लिहिलंय, ते काय असतं? आणि आजी त्या दिवशी पान कोणासाठी वाढते?’ मी रात्रपाळीहून आलो तोवर तू शाळेत गेली होतीस, म्हणून कागदावरच लिहितो.

शस्त्र, आदि, हत. शस्त्राने किंवा तशाच एखाद्या घाताने गेलेले. पितृपक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं श्राद्ध. पण लढाईत गेलेल्यांची तिथी कुठलीही असो, त्यांना सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी. आजी तिला घातचतुर्दशी म्हणते. ते पान माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्यासाठी पूल आणि खंदक बांधणाऱ्या पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले आणि घरी आला तो फक्त एक कागद. त्या कागदाला पुढे वाळवी लागली.

आता जरा वेगळं. गेल्या महिन्यात तुम्हाला शाळेतून इथल्या, बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमजवळच्या घंटेच्या मनोऱ्यावर नेलं होतं. ‘वरून मस्त दिसतं, खालचा हॉल बोअर,’ असं तू म्हणालीस. त्या बोअर हॉलचं नाव लांगेमार्क हॉल. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझींनी बांधला आणि बेल्जियममधल्या लांगेमार्कच्या दफनभूमीतली माती आणून तिथे ठेवली.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मनीत भरतीला रांगा लागल्या. या स्वयंसेवकांच्या, आणि प्रशिक्षण न झालेल्या नाहीतर वय झालेल्या राखीव माणसांच्या नव्या राखीव कोअर, म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या फौजा, उभ्या केल्या, २२ ते २७ क्रमांकाच्या. बरेचसे अधिकारी निवृत्तीतून परत बोलावलेले, तोफा जुन्या, तयारी जेमतेम दोन महिन्यांची. ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या चार कोअर बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ लढाईत घातल्या. लांगेमार्कसमोर आली २६ वी, तिच्यात ५१ वी आणि ५२ वी राखीव डिव्हिजन. समोर ब्रिटिशांचे मुरलेले पगारी सैनिक, एकेक जण मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडणारा. ही पोरं दाटीवाटीने चालत गेली आणि सपाट शेतात कापली गेली. गाव काही हाती आलं नाही.

मग ११ नोव्हेंबरला सैन्याचं पत्रक निघालं: लांगेमार्कच्या पश्चिमेला तरुण रेजिमेंट ‘डॉइचलांड, डॉइचलांड युबर आलेस’ गात शत्रूवर चालून गेल्या, पहिली फळी घेतली, सुमारे २,००० फ्रेंच कैदी केले. खरं तर ती चकमक बिक्सशूटेच्या बाजूची. पण लांगेमार्क हे नाव कसं, कानाला जर्मन वाटतं! पुढे सगळे मेलेले ‘विद्यार्थी’ ठरले. त्या रेजिमेंटांत विद्यार्थी थोडेच होते; बाकी कारागीर, कारकून, शेतमजूर, बायकापोरं असलेले बाप्ये. त्यांना त्या गोष्टीत जागाच मिळाली नाही. मला चीड येते ती याची.

एप्रिल १९१५ मध्ये याच २६ व्या कोअरच्या आघाडीवरूनही जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. ते तुम्हाला पुढे रसायनशास्त्रात येईलच.

तू पाळण्यात होतीस तेव्हा मी आणि आई लांगेमार्कला जाऊन आलो. ओकची झाडं, गवतात बसवलेले चपटे दगड, आणि दारातून आत गेल्यावर एकच मोठी कबर. तिच्यात जवळजवळ २५,००० माणसं! सगळ्या दफनभूमीत मिळून ४४,००० च्या वर. आई वाकून एक दगड वाचत होती. त्यावर दोन नावं होती आणि खाली ‘एक अनोळखी जर्मन सैनिक’.

आपले सॅपर्स तिथून दक्षिणेला होते, फ्रान्सच्या हद्दीत. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल गावावर खडकीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर चालून गेल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं ती, त्यांना पायदळासारखं पुढे काढलं. गल्ल्यागल्ल्यांतून लढत गावात शिरले, पण मागून कुमक आली नाही आणि मागे फिरावं लागलं. पणजोबांचे ते भाऊ त्यांत होते का, हे त्या वाळवीलाच माहीत.

आजीला मी लांगेमार्कचं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘त्यांच्यामागे पान वाढायला कोणी आहे का रे?’

शुक्रवारी मला सुट्टी आहे. वरण-भात, भाजणीचे वडे आणि तांदळाची खीर करू; वडे तू थाप, माझे फाटतात. बाल्कनीत पान ठेवलं की इथला करड्या अंगाचा कावळा येतो. गेल्या वर्षी त्याने वडा सोडून आधी खीरच संपवली होती.

तुझा,
बाबा