वडिलांचं जाकीट आणि चामड्याची बॅग स्वतः दुरुस्त करावी का? त्यासाठी शिलाई मशीन कोणतं घ्यावं?

मशीन घेऊ नका. निदान या दोन वस्तूंसाठी तरी नको. लोकरीच्या जाकिटाचं फाटलेलं अस्तर हातानं बसवता येतं, आणि चामड्याच्या बॅगेची उसवलेली शिवण हातानंच घालायची असते. घरगुती मशीनवर बॅग चढवलीत तर सुई मोडेल, नाहीतर भलत्याच ठिकाणी भोकं पडतील. कापडाचे धागे सरकून सुईचं भोक बुजतं, चामड्याचं बुजत नाही. पडलं ते पडलं.

पण मी लिहायला बसले ती मशीनसाठी नव्हे. तुम्ही शेवटी लिहिलंय की घरचे म्हणतात, ‘वडिलांची आठवण आहे, हात लावू नकोस, बिघडवशील, आहे तसं जपून ठेव.’ हे वाक्य मी गेली सहा वर्षं माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकतेय.

आमच्या बाबांची एक बॅग होती. खांद्याला अडकवायची, जाड तपकिरी चामड्याची, वरून झाकण आणि पुढे पितळेची दोन बकलं. कामावर जाताना रोज तीच. बाबा गेल्यावर दादानं ती जुन्या चादरीत गुंडाळली, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवून दिली. त्यामागे माया होती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तीन वर्षांनी दुसरंच काही शोधताना मी ते गाठोडं उतरवलं. उघडताच कुबट वास आला. झाकणाच्या घडीवर पांढरी बुरशी होती. बकलांच्या कडेनं हिरवा, मेणासारखा चिकट थर चढला होता. पितळेतलं तांबं आणि चामड्यातलं तेल एकत्र आलं की असा थर धरतो. आणि खांद्याचा पट्टा बॅगेला जिथे जोडलेला, तिथली एका बाजूची शिवण अर्धी सुटून लोंबत होती.

जपून ठेवलेल्या वस्तूची ही गत. चामड्याला हवा लागते. प्लास्टिकमध्ये कोंडलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशीला नेमकी तीच हवी असते. बाबांच्या खांद्यावर इतकी वर्षं रोज ऊन-वारा खाऊन जे बिघडलं नव्हतं, ते तीन वर्षांच्या जपणुकीत बिघडलं.

मी बॅग घरी आणली. दादाला विचारलं नाही. त्याचा राग मुळात तिथून सुरू होतो, आणि तेवढा त्याचा हक्क आहे.

बुरशी घराबाहेर नेऊन मऊ ब्रशनं झटकली, मग बॅग उघडी करून चार दिवस सावलीत ठेवली. उन्हात ठेवलेलं चामडं कडक होऊन तडकतं. हिरवा थर दात कोरायच्या काडीनं खरवडला आणि सुती चिंधीनं पुसून काढला. मग पट्ट्याकडे वळले.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या बॅगेलाही हेच करायचंय. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते, एक वरचा आणि एक बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा. दोन्ही मालाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. इलायस हाऊनं १८४६ साली पेटंट घेतलं ते याच टाक्याच्या मशीनचं, आणि आजही घरातलं मशीन हाच टाका घालतं. कापडाला तो उत्तम. पण भार सोसणाऱ्या चामड्याच्या जोडावर त्यातला एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाकेही हळूहळू ढिले होत जातात. तुमच्या बॅगेची शिवण अशीच सुटली असणार. खोगीर शिवणारे कारागीर घालतात तो टाका, म्हणजे सॅडल स्टिच, एकाच दोऱ्याचा असतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा भोकाभोकातून जोड धरून ठेवतो.

दोरा लिननचा घ्या, मेण लावलेला. शिवणीच्या लांबीच्या चौपट कापा. सुया बोथट टोकाच्या, कारण भोक पाडायचं काम सुईचं नाहीच. आणि नवी भोकं पाडू नका, जुनीच वापरा! जुन्या भोकांच्या मधोमध आणखी भोकं पाडलीत तर तिथलं चामडं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि वजन पडताच त्या रेषेत फाटतं. भोक आवळलं असेल तर आरीचं, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याचं, टोक हलकेच घालून मोकळं करा, रुंद करू नका. माल दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दाबून, त्या गुडघ्यांत आवळून धरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दर टाक्याला आधी डावी सुई, मग उजवी, हा क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरा मागे ओढून ठेवायचा, नाहीतर सुई त्याच्यातूनच आरपार जाते आणि पुढे टाका आवळताच येत नाही. मग दोन्ही टोकं सारख्या जोरानं, टाका चामड्यात किंचित रुतेपर्यंत ओढायची. शेवटी दोन-तीन टाके उलटे मागे घेऊन दोरा कापायचा. गाठीची गरज नसते.

माझ्या बॅगेच्या पट्ट्याच्या जोडावरच्या त्या एका चौकोनी शिवणीला चौतीस भोकं होती. मला तीन संध्याकाळी लागल्या.

आता खरं भांडण. जुनी शिवण उसवताना पट्ट्याच्या टोकाखाली, चामड्याची पाती उचलल्यावर, मला वेगळाच दोरा दिसला. कारखान्याची टीप तपकिरी होती, हा दोरा पारदर्शक. नायलॉनचा, मासे पकडायच्या गळाला असतो तसला. पाच टाके, वेडेवाकडे, एक तर तिरपाच, आणि शेवटी तीन गाठी एकावर एक. बाबांनीच घातलेले. आमच्या घरी दुसरं कोणी असं घट्ट गाठी मारणारं नव्हतं. पट्टा पूर्वीही एकदा सुटला असणार आणि त्यांनी कोणाला न सांगता, हाताला लागेल त्या दोऱ्यानं तो शिवून टाकला असणार.

मी कितीतरी वेळ ते टाके बघत बसले. मग ते काढले.

काढले, कारण तो नायलॉन चामडं कापत होता. कडक, गुळगुळीत आणि बारीक दोरा ताण आला की भोकाच्या कडेत करवतीसारखा फिरतो. पाचपैकी दोन भोकांमधलं चामडं चिरून त्यांची एकच फट झाली होती. ते टाके तसेच ठेवून वरून शिवलं असतं तर पट्टा वर्षभरात मुळापासून फाटला असता. फटीच्या मागून मी पातळ चामड्याचा तुकडा चिकटवला, त्यात जुन्या ओळीनं दोन भोकं पाडली (नवी भोकं चालतात ती एवढ्याच ठिकाणी) आणि शिवण पुरी केली.

दादानं बॅग माझ्या खांद्यावर पाहिली तेव्हा आधी तो काही बोलला नाही. मी भाबडेपणानं त्याला सगळं सांगितलं, नायलॉनसकट. तो म्हणाला, “म्हणजे बाबांच्या हातचे टाके तू उसवलेस.” त्यानंतर घरात कुठलीही वस्तू निघाली, घड्याळ, छत्री, आईची शाल, की हे वाक्य येतंच.

माझं म्हणणं मी त्याला शंभरदा सांगितलंय, तुम्हालाही सांगते. बाबांनी ते पाच टाके आठवण म्हणून घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी बॅग खांद्यावर टाकून निघता यावं म्हणून घातले होते. वस्तू तुटली की बसून ती नीट करायची आणि पुन्हा वापरायची, हे त्यांनी केलं, तेच मी केलं. दादा दोरा जपू पाहतो, मला दोरा घालण्याची सवय जपायची आहे. दोन्ही एकदम होत असेल तर उत्तमच, पण एकच निवडायचं झालं तर मी बॅग निवडेन. ती आज रोज माझ्या खांद्यावर असते.

तुमच्या जाकिटाचंही तेच. कपाटात लोकर सुरक्षित असते हा गैरसमज आहे. कसर लागते ती अंधाऱ्या, कोणी न हलवणाऱ्या जागी. भोकं पाडते ती कसरीची अळी, उडणारा पतंग नव्हे, आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेला भाग तिला आधी आवडतो. म्हणजे न धुता ‘आहे तसं’ जपून ठेवलेलं जाकीट हे तिच्यासाठी वाढलेलं ताट आहे. दर आठवड्याला अंगावर चढणाऱ्या, झटकल्या जाणाऱ्या लोकरीला कसर क्वचित लागते. तुम्ही बाहीवर बारीक भोकं असल्याचं लिहिलंय, तेव्हा काहीही शिवण्याआधी जाकीट पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. अळ्या आणि अंडी मरतात. त्यानंतर रफू. रफूचा धागा जाकिटाच्याच आतल्या शिवणीच्या माजिनातून, म्हणजे शिवणीपलीकडे आत सोडलेल्या जादा कापडातून काढा, रंग तंतोतंत जुळतो. मागून कडक आधार धरून आधी उभे धागे भरायचे, मग आडवे एक वर एक खाली असे विणत न्यायचे, आणि भोकाच्या कडेपलीकडे शाबूत कापडात चांगले पाव इंच जायचं. धागा ओढू नका, नाहीतर तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीनंही जात नाही.

अस्तरासाठी एकच युक्ती सांगते, बाकी हात आपोआप शिकतो. जुनं अस्तर सगळं एकदम उसवू नका. अर्धंच उसवा. निघालेले तुकडे इस्त्री करून नव्या कापडावर ठेवले की तेच कटिंगचे नमुने होतात, आणि उरलेलं अर्धं कशाला काय जोडलंय हे दाखवत राहतं. पाठीच्या मधोमध अस्तरात एक उभी चुणी सापडेल. ती जादा कापड वाटून काढून टाकू नका. हात पुढे नेताना पाठ ताणते आणि लोकर थोडी सैल होते, अस्तर होत नाही. ती चुणी उघडली नाही तर अस्तर काखेत फाटतं. तुमचं बहुतेक तिथेच फाटलं असेल.

चेन बंद होऊन मागून उघडते असं लिहिलंय, तर अख्खी चेन बदलू नका. दोष बहुतेक वेळा दात्यांचा नसून रनरचा, म्हणजे चेन लावताना वर-खाली सरकवतो त्या भागाचा असतो. वापरून वापरून रनरची पाती फाकते आणि दाते एकमेकांत दाबले जात नाहीत. पकडीनं रनरच्या दोन्ही कडा, आधी एक मग दुसरी, अगदी हलकेच दाबून बघा. जास्त दाबलात तर तो मोडतो. नाहीच जमलं तर नुसता रनर बदला. त्याच्या पाठीवर बहुधा आकडा कोरलेला असतो, ५ म्हणजे मिटलेल्या दात्यांची रुंदी साधारण ५ मिलिमीटर.

राहिलं मशीन. जीन्सची उंची कमी करणं, चादरी, पडदे असं सरळ काम पुष्कळ करणार असाल तर घ्या. सरळ टीप आणि झिगझॅग पुरे, बाकीचे नक्षीचे टाके कोणी वापरत नाही. मशीनच्या कंपनीपेक्षा सुईच्या नंबराकडे लक्ष द्या. ९०/१४ मधला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. नेहमीच्या सुती कापडाला ८०/१२, जीन्सला १००/१६, आणि टी-शर्टसारख्या विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई, नाहीतर टाके सुटत जातात. लोक मशीन बिघडलं म्हणून ओरडतात तेव्हा पुष्कळदा सुई चुकीची किंवा बोथट झालेली असते.

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. बॅगेचं चामडं चोळल्यावर लालसर भुकटी बोटाला लागत असेल तर ते आतून कुजलंय, तिथे टाका धरणार नाही आणि तेल पाजून ते परत येत नाही. अशी बॅग खरोखरच नुसती ठेवायची. आणि बॅग चामड्याची नसून पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाची निघाली, पापुद्रे सुटत असतील, तर तिच्यावर कष्ट घालू नका. दमट हवेतल्या ओलाव्यानं तो थरच तुटत जातो, त्यावर इलाज नाही.

आणि उसवण्याआधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, जवळून, प्रत्येक टाका दिसेल असे. बाबांच्या त्या पाच टाक्यांचा फोटो मी काढला नाही. नायलॉनचा तुकडा कागदात गुंडाळून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय, पण ते टाके कसे तिरपे गेले होते, तीन गाठी कशा होत्या, हे आता फक्त मला आठवतं, दादाला कधीच बघायला मिळणार नाही. एवढ्या एका बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी त्याला सांगितलंय.