टीव्ही पाहणीला दिलेला खाते क्रमांक कर्जवाल्याकडे कसा?

प्रश्न (थोडक्यात): मी नंदगडचा (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा). 'टीव्हीवर काय बघता' याच्या पाहणीसाठी एका माध्यम-संशोधन कंपनीच्या माणसाने मोबाइलमध्ये ॲप घातलं. महिना 300 रुपये ठरले. बँक खातं, मातृभाषा, घरातल्यांची वयं लिहून घेतली, इंग्रजी कागदावर सही घेतली. आता कर्जवाल्यांचे फोन येतात. मुलगी आठची, पाहणीवाल्याने चुकून नऊ लिहिलं होतं. फोनवालाही नऊच म्हणतो. खात्याचे शेवटचे आकडेही सांगतो. कंपनी म्हणते, माहिती मिसळून गेली, काढता येत नाही.

उत्तर: 'मिसळून गेली' हे अर्धंच खरं आहे. असं ॲप माइकवरून टीव्हीचा आवाज टिपतं, त्याची आकडी खूण करून वाहिनी ओळखतं आणि हजारो घरांची बेरीज होते. झालेल्या बेरजेतून तुम्हाला वजा करता येत नाही, हे मान्य. पण तुमच्या घरची मूळ नोंद वेगळी असते आणि पैसे भरायला ठेवलेली नाव-फोन-खात्याची यादी त्याहून वेगळी. ही दोन्ही पुसता येतात. नुसतं नाव खोडूनही भागत नाही. नंदगड, मराठी घर, नऊ वर्षांची मुलगी, एवढं कळल्यावर गावात घर सापडायला कितीसा वेळ लागतो?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर आत्ता विसंबू नका. त्यातले नागरिकांचे हक्क नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी लागू होतात, आणि 250 कोटींपर्यंतचा दंड सरकारजमा होतो. (तो लागू झाला की सूचना मराठीतून मागता येईल. मराठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आहे, सीमाप्रश्नाचा इथे संबंध नाही.)

तोवर आधार माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43अ चा: कंपनीने संवेदनशील माहिती नीट जपली नाही आणि नुकसान झालं तर भरपाई. त्याखालच्या 2011 च्या नियमांत फोन नंबर 'संवेदनशील' धरलेला नाही, बँक खात्याची माहिती मात्र धरली आहे. म्हणून तक्रारीत खातं पहिल्या ओळीत लिहा, फोनचा त्रास नंतर.

आधी सही केलेल्या कागदाची प्रत मागा. 'भागीदारांना माहिती देऊ' असं कलम त्यात असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. त्याच पत्रात संमती मागे घ्या, दोन्ही नोंदी पुसायला सांगा आणि माहिती कोणाकोणाला दिली ते विचारा. पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपा. नियमाने त्याला एक महिन्याची मुदत आहे.

ॲप रागाने काढून टाकू नका. इथेच बहुतेकांचा पुरावा जातो. परवानग्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, पैसे जमा झाल्याचे एसएमएस ठेवा, मगच माइक आणि लोकेशन बंद करा. कॉलचं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. खात्याचे आकडे बँकेतूनही फुटले असतील, असा बचाव कंपनी करणारच. 'नऊ' हे चुकीचं वय तसं दुसरीकडून येत नाही. तुमचा सगळ्यात पक्का धागा तोच.

महिन्यात उत्तर आलं नाही तर भरपाईचा अर्ज बेंगळुरूला, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे. 5 कोटींपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून तेच ऐकतात. करार मोडून माहिती विकल्याचं दिसलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम 72अ खाली सायबर पोलिसांकडे फिर्याद देता येते. कर्जवाल्याच्या कॉलची तक्रार 7 दिवसांत 1909 वर करा.

एवढ्यात कंपनीचा माणूस 'नवा फॉर्म' घेऊन येईल. त्यात 'पूर्वी दिलेल्या संमतीसह' असे शब्द असतील तर सही करू नका.