बर्लिनहून प्रागला आईवडिलांना घेऊन जायचंय. बस स्वस्त पडतेय, तरी ट्रेननंच जावं का?

ट्रेननं जा. बसचं नावही काढू नका.

एवढं ठणकावून सांगतेय कारण आमच्या घरात हा वाद २०१९ पासून धुमसतोय. मुलगा बर्लिनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघं प्रागला निघालो. दिरांना बस हवी होती, मी ट्रेनवर अडून बसले. ड्रेस्डेन सुटलं की डाव्या हाताला एल्ब नदी येते ती सोडतच नाही. पलीकडे वालुकाश्माचे सरळसोट कडे. सगळ्यात जास्त फोटो दिरांनीच काढले, हे ते आता सोयीनं विसरतात.

आमचे हे शेवटचा तासभर डायनिंग कारमध्ये मुक्कामाला. त्या चेक डब्यात खरंखुरं स्वयंपाकघर असतं, बिअर नळाची मिळते, मग काय! ह्यांचा फोन मात्र माझ्या पर्समध्ये. फलाटावर 'प्राहा' दिसलं आणि दीर ओरडले, "वहिनी, प्राग आलं, उतरा!" बॅगा ओढत उतरलो. गाडी सुटल्यावर पाटीवरचा पुढचा शब्द वाचला: होलेशोविचे. पुण्याला जायचं आणि शिवाजीनगरला उतरायचं, त्यातली गत. नवरा गाडीबरोबर पुढे.

तिथून मेट्रोच्या सी लाइननं मुख्य स्टेशन तिसरं. पण ते कळून तिकिटं काढेपर्यंत आमचा घाम निघाला. हे सापडले एक नंबर फलाटाला लागून असलेल्या जुन्या इमारतीत, घुमटाखाली मान वर करून उभे. योसेफ फांटानं बांधलेली, १९०९ ची वास्तू. बहुतेक प्रवासी खालच्या नव्या दालनातून परस्पर निघून जातात. मी रडकुंडीला आलेली, आणि हे म्हणतात, "अगं, वर बघ."

"बसनं गेलो असतो तर सगळे एकत्र उतरलो असतो," हे दिरांचं पालुपद अजून चालू आहे. अहो भाऊजी, पाटी अर्धी तुम्ही वाचलीत, ट्रेननं काय केलं?

तर तुम्ही डावीकडच्या जागा घ्या. जागेचं आरक्षण तिकिटाहून वेगळं असतं. ते नसेल तर कुणीतरी येऊन उठवतं, आईवडिलांना घेऊन डबे कुठे पालथे घालणार? पासपोर्ट हाताशी ठेवा, सीमेवर पोलीस डब्यात येऊ शकतात. वडिलांचा फोन वडिलांच्याच खिशात.

आयत्या वेळी काढलं तर ट्रेनचं तिकीट बरंच महाग पडतं, हे खरं. तेवढं एक भाऊजींचं बरोबर होतं.